आधी उभं कोण राहणार?



पाड्यावर काही घडलं की दुसऱ्या दिवशी एकच बोलणं ऐकू येतं. खात्याची माणसं आली, रोपं लावायला आपल्या प्लॉटात खड्डे खणून गेली, आणि कुणी पुढं झालं नाही. नांगर उचलून नेला, कुणी पुढं झालं नाही. बाईच्या डोक्यावरची मोहाची टोपली उतरवून घेतली, सगळे बघत राहिले. मग शहाण्यांचं सुरू होतं. "आपला समाजच भित्रा. हा कधी सुधारायचा नाही." गावातला नोकरीवाला हे म्हणतो. ऑफिसातला साहेब हसून म्हणतो. मोर्चाला माणसं कमी आली की आपल्यातलेही काही कार्यकर्ते म्हणतात.

आम्हांला हे बोलणं मान्य नाही. ते खोटं आहे, आणि ज्यांना आपली जमीन पाहिजे त्यांच्या फायद्याचं आहे. माणूस जन्मानेच भित्रा असेल तर मग करण्यासारखं काही उरतच नाही. म्हणून या अंकात ह्याच गोष्टीचा निकाल लावू.

भित्रा कोण?

आमची भीती मोजणाऱ्यांनी आमचे दिवस बघितलेले नाहीत. पावसाळ्यात रात्री बाई अडली तर चार जण तिला डोलीत घालून ओहोळ ओलांडतात. पाणी छातीपर्यंत आहे की गळ्यापर्यंत, हे कुणी काठावर बसून मोजत नाही. डुकरं पिकात शिरली तर पंधरा वर्षांचं पोरगं माळ्यावरून उतरून ओरडत त्यांच्या अंगावर जातं. मधासाठी कड्यावर दोराने उतरणारी माणसं आमचीच. दिवाळीनंतर घराला कडी लावून, तान्हं पोर पाठीशी बांधून, परक्या मुलखात वीटभट्टीवर जाणाऱ्या बायकाही आमच्याच.

हीच माणसं, समोर एक जण वही उघडून "नाव काय रे तुझं?" म्हणाला की खाली बघतात.

धाडस नसतं तर ती ओहोळातही उतरली नसती. धाडस आहेच. मग ओहोळात आणि वहीत फरक काय? डोलीला चार खांदे असतात. एकाचा पाय घसरला तर तिघं सावरतात, आणि हे चौघांनाही आधीपासून माहीत असतं. वहीत मात्र एकच नाव लिहिलं जातं. ते लिहिल्यावर काय होईल, किती वर्षं होईल, कोण सोबत येईल, यातलं काहीच माहीत नसतं. आमचा माणूस वहीवाल्याला भीत नाही. तो एकटं पडायला भितो. ही भीती कुणाही शहाण्या माणसाला वाटेल.

गप्प बसण्याचा हिशेब

गप्प बसणाऱ्याला शिव्या द्यायच्या आधी त्याचा हिशेब ऐका.

केस झाली की तालुक्याला तारीख पडते. पहाटे चालत निघायचं, पहिली एस.टी. गाठायची, दुपारपर्यंत कोर्टाच्या पायरीवर बसायचं, आणि शिपाई येऊन पुढची तारीख सांगणार. भाडं गेलं, मजुरी गेली. असं एकदा नाही, वर्षानुवर्षं. त्यात तारीख नेमकी लावणीच्या दिवसांत पडते. घरी बाई एकटी, चिखलणी तशीच पडलेली, राबातलं आवण पिवळं पडत चाललेलं. हे सगळं पुढं झालेल्या एकाच्या अंगावर. आणि जमीन वाचली तर ती सगळ्यांचीच वाचते. गप्प बसलेल्याचीसुद्धा. मग प्रत्येक जण मनात म्हणतो, "दुसरा होऊ दे पुढं." घरात दोन महिन्यांचा दाणा असलेल्या माणसाने असा हिशेब करू नये, असं कोण म्हणतो? ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला होतो तोच म्हणतो.

दुसरी गोष्ट तोंडाकडे बघण्याची. गार्ड आला की पाच जण उभे असतात, आणि प्रत्येक जण बाकीच्या चौघांकडे बघतो. चौघेही गप्प, म्हणून वाटतं की ह्यांना काही वाटत नाही, मीच कशाला बोलू? खरं तर पाचांच्याही पोटात तेच असतं. पण पोटातलं तोंडावर दिसत नाही.

ही खोड आमच्याच समाजाची आहे असं कुणी समजू नका. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात दोन अभ्यासकांनी हे तपासून बघितलं आणि 1968 साली छापलं. कॉलेजातल्या पोरांना एका खोलीत कागद भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. खोलीत एकटा बसलेला असताना 100 पैकी 75 जणांनी उठून बाहेर जाऊन सांगितलं. पण ठरवून गप्प राहणारी दोन माणसं शेजारी बसवली, तर 100 पैकी 10 जणच उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत कागद भरत राहिले. शिकलेली, पोटभर खाल्लेली पोरं, आणि अंगावर खात्याची केस नाही की सावकाराचं कर्ज नाही. तरी दोन गप्प तोंडं बघून ती धुरात बसून राहिली. आता सांगा, भित्रा समाज कुठला?

तिसरी गोष्ट जुनी आहे. आमच्या आज्या-पणज्यांनी वेठ केली. लग्नासाठी चार पैसे उचलले की नवरा-बायको दोघं मालकाच्या दारात गडी व्हायची आणि म्हातारपणापर्यंत सुटायची नाहीत. लग्नगडी म्हणायचे त्यांना. उलट बोलला तर पाठीवर फटके. त्या दिवसांत आईने पोराला "गप राहा" शिकवलं ते भित्रेपणाने नाही, पोर जगावं म्हणून. ती शिकवण हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पण मालकशाही गेली आणि शिकवण मागं राहिली. आज तिचा फायदा खातं घेतं, ठेकेदार घेतो, दलाल घेतो.

चौथी गोष्ट फसगतीची. 1978 साली राज्य सरकारने वनजमिनीवरची शेती नियमित करायचा निर्णय काढला. लोकांनी नावं दिली, शेतं दाखवली. मग 1980 चा वनसंवर्धन कायदा आला आणि सगळं अडकून पडलं. ज्यांच्याकडे दंडाची पावती नव्हती त्यांना "पुरावा नाही" म्हणून परत पाठवलं. म्हातारी माणसं आज म्हणतात, "उभं राहून काय मिळालं आम्हांला?" हे म्हणायचा त्यांना हक्क आहे. आधी त्यांचं ऐकून घ्यायचं आणि मग पुढचं सांगायचं.

हुतात्म्याला हार, शेजाऱ्याला वारा

आता आपल्याच एका सवयीबद्दल कडक बोलायचं आहे. दरवर्षी आपण हुतात्म्यांना हार घालतो. 25 सप्टेंबर 1930 ला उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, आठ सत्याग्रही गेले. त्यात नाग्या महादू कातकरी होता. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यात जेठ्या गांगड होता. ही नावं पोरांना पाठ पाहिजेतच. पण हार घालताना मनात असं बसतं की ती माणसं वेगळ्या मातीची होती आणि आपण साधी माणसं. हार घालून झाला की आपलं काम संपलं. मग शेजाऱ्याच्या प्लॉटाच्या पंचनाम्याला जायची वेळ आली की आपण म्हणतो, "मला जमायचं नाही."

तर मग 1945 ला खरं काय झालं ते बघा. 23 मे ला झरीला किसान सभेची परिषद भरली, हजारो वारली चालत आले. तिथं वेठ करायची नाही असं ठरलं. त्यानंतर लग्नगडी सोडवायला एकटादुकटा कुणी मालकाच्या दारात गेला नाही. जथेच्या जथे गावोगाव गेले. मग गवत कापणीचा संप झाला. 500 पौंड गवताला अडीच रुपये मजुरी पाहिजे, ही मागणी. एकट्याने विळा खाली ठेवला असता तर मालकाने त्याला झोडपून दुसरा आणला असता. सगळ्यांचे विळे एकदम कुडाला टांगले गेले म्हणून संप उभा राहिला. तलवाड्याला माणसं जमली ती गोदूताईंच्या, म्हणजे गोदावरी परुळेकरांच्या जिवाला धोका आहे अशी आवई उठवली गेली म्हणून. गोळ्या सुटल्या तरी माणसं जागची हलली नाहीत, कित्येक तास बसून राहिली. गेलेल्या पाचांची नावं आपण घेतो. पण त्या रात्री भाकरी बांधून देणारी, निरोप घेऊन रानातून धावणारी, शेजारच्याचा हात धरून बसून राहिलेली हजारो माणसं होती. त्यांचा पुतळा कुठं नाही. आमचं म्हणणं, आपण त्या हजारांची नातवंडं आहोत. तेवढं झालो तरी पुष्कळ झालं.

कायद्यातली लहान लहान धाडसं

आज कुणी तुम्हांला छातीवर गोळी घ्या म्हणत नाही. वनहक्क कायदा 2006 चा आहे, नियम 2008 चे, त्यांत सुधारणा 2012 ची. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपण कसत असलो तर हक्क आपला. पण कायदा आपण होऊन पाड्यावर चालत येत नाही. तो आणायला छोट्या छोट्या जागी माणसाने उभं राहावं लागतं. त्या जागा अशा आहेत.

म्हाताऱ्यांचा जबाब. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाने "हा इथं कसतो, याचा बापही कसायचा" असं सांगितलं आणि ते लिहून घेतलं, तर नियमाने तो पुरावा आहे. सोबत आणखी एक पुरावा जोडायचा. जुना बांध, विहीर, घराचा चौथरा, लावलेली आंब्याची झाडं, दंडाची पावती, काहीही चालतं. म्हणजे दंड कधी झालाच नाही तरी दावा मरत नाही. फक्त शेजारच्या आजाने तोंड उघडलं पाहिजे. त्याला कुणी सांगितलेलं असतं, "तू कशाला सही देतोस, उद्या तुझ्यावर येईल." हे सांगणारा शेजाऱ्याचं नाही, त्या आजाचंच धाडस चोरत असतो.

पाहणीचा दिवस. वनहक्क समिती जागेवर जाते तेव्हा खात्याच्या आणि महसूलच्या माणसांनी हजर राहून सही, हुद्दा आणि तारीख टाकली पाहिजे, असं 2012 चा नियम सांगतो. "साहेब, इथं सही करा" एवढं वाक्य म्हणणं हे धाडस आहे. ते म्हणताना शेजारी दहा माणसं उभी असली की वाक्य सोपं होतं.

नकाराचा कागद. "तुमचा दावा बसत नाही" हे तोंडी सांगितलेलं चालत नाही. दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि 60 दिवसांत अपील करता येतं. सॅटेलाईटचा फोटो दाखवून "इथं शेत दिसत नाही" म्हणाले, तर तो फोटो बाकी पुराव्यांना जोड म्हणून चालेल, त्यांच्या जागी चालणार नाही. "लिहून द्या" हे दोन शब्द पोरांना शाळेच्या धड्यासारखे पाठ करवा.

हुसकावणं. दाव्याची चौकशी पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून काढता येत नाही. कलम 4, पोटकलम 5. हे घरात भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा.

बाईचं बोलणं. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं पाहिजेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बायका. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. बायका येतात, मागं बसतात, अंगठा देतात. पण कुठला बांध कुणी घातला, कुठल्या साली घातला, हे गड्यांपेक्षा त्यांनाच जास्त आठवतं. जी बाय पहिल्यांदा उठून बोलेल तिला घरी जाऊन नवऱ्याचे चार शब्द ऐकावे लागतील. ते शब्द तिला ऐकावे लागू नयेत, ही जबाबदारी त्या नवऱ्याच्या मित्रांची आहे. गड्यांनी हे कान उघडून ऐकावं.

मग करायचं काय?

आम्ही "शूर व्हा" म्हणणार नाही. शूर व्हा म्हणून कुणी होत नाही. आम्ही म्हणतो, पुढं होणं स्वस्त करा. आज ते एकाला महाग पडतं. सगळ्यांनी वाटून घेतलं की ते परवडतं. आपल्याकडे नांगरणीला एकमेकांच्या शेतावर जायची रीत आहेच. तीच रीत इथं लावायची.

एक. साहेब येणार असं कळलं की आदल्या रात्री पाड्यावर बसायचं. प्रत्येकाने तोंडाने सांगायचं, मला काय वाटतं. घाबरलो असेल तर तेही सांगायचं. पोटातलं एकदा बाहेर आलं की दुसऱ्या दिवशी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. पहिलं वाक्य कोण बोलणार आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं कोण, हे तिथंच ठरवायचं. पहिल्यापेक्षा दुसऱ्याला महत्त्व जास्त आहे. पहिला बोलला आणि दुसरा गप्प राहिला की पहिल्याचा बळी जातो. दुसरा बोलला की ते गावाचं बोलणं होतं.

दोन. ऑफिसात, कोर्टात, पोलीस ठाण्यात एकट्याने जायचं नाही. कमीत कमी दोघं. एक बोलणारा, एक ऐकून लक्षात ठेवणारा.

तीन. ज्याची तारीख असेल त्याचं त्या दिवसाचं काम पाड्याने करायचं. लावणी असेल तर लावणी, पेंढा असेल तर पेंढा. एस.टी.चं भाडं गावाच्या पेटीतून. पेटीत दर घराने हंगामाला एक पायली भात टाकला तरी चालतं. ज्या पाड्यावर पेटी नाही तिथल्या पुढाऱ्याने दुसऱ्याला "पुढं हो" म्हणू नये.

चार. जो आला नाही त्याला टोमणे मारायचे नाहीत. टोमण्याने माणूस तुटतो आणि दलालाच्या ओट्यावर जाऊन बसतो. त्याला लहान काम द्या. निरोप पोचवायचं, पाणी आणायचं, म्हाताऱ्याला पाहणीच्या जागी घेऊन यायचं. लहान काम केलेला माणूस पुढच्या वेळी मोठ्या कामाला येतो.

पाच. "कार्यकर्ते येऊ देत, मग बोलू" हे बंद करायचं. कार्यकर्त्याची मोटारसायकल पंक्चर झाली तर तुमचा बांध थांबेल का? गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) हे गोंड गाव आहे. तिथं निर्णय सगळ्यांच्या सहमतीने होतात आणि पुढाऱ्याची वाट बघत नाहीत. त्यांनी घोटुल बांधलं आणि ते पाडलं गेलं. तेव्हा आजूबाजूच्या गावांनी सभा घेतली, आणि एकाच्या जागी अनेक गावांत घोटुलं उभी राहिली. पुढं 2009 साली त्या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एक पाडणं सोपं असतं. बारा पाडताना पाडणाऱ्याला विचार करावा लागतो.

सहा. हात उचलायचा नाही आणि शिवी द्यायची नाही. त्यांना तेच पाहिजे असतं. एकाने कोयता उगारला की दावा बाजूला राहतो आणि सगळ्या पाड्यावर गुन्हा लागतो. आणि रागाच्या भरात तरुण पोराला पुढं ढकलून स्वतः मागं राहणारा माणूस ओळखून ठेवा. तो शूर नाही.

"आणि केस झालीच तर?"

हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि त्याचं उत्तर गुळमुळीत देऊन चालणार नाही. होईल. कधी कधी केस होईल. आमच्यातल्या कितीतरी जणांनी तारखा केल्या आहेत, काही अजून करतात. कुणाला काही होणार नाही असं सांगणारा माणूस एक तर खोटं बोलतो, नाहीतर त्याला स्वतःला कधी काही झालेलं नाही. पण गप्प बसण्याचाही खर्च आहे, तो फक्त त्या दिवशी दिसत नाही. आज शेजाऱ्याच्या प्लॉटात खड्डे झाले आणि आपण बघत राहिलो, तर पुढच्या पावसात आपल्या प्लॉटात होतील. त्या दिवशी शेजारी कुडाआडून बघत असेल. त्याला दोष कुठल्या तोंडाने द्यायचा? जमीन गेली की तारीख पडत नाही, वीटभट्टी पडते. तिथं तर बाराही महिने एकटंच उभं राहावं लागतं.

म्हणून ज्यांना समाज भित्रा दिसतो त्यांना आमचं एकच सांगणं. पाड्यावर या, पेटीत पायली टाका, तारखेला सोबत चला, आणि मग बोला. ते जमत नसेल तर तोंड बंद ठेवा. आमच्याकडे गप्प बसणाऱ्यांची तशीही कमी नाही.

आणि आपल्या माणसांना सांगणं असं. हा अंक ज्याला वाचता येतो त्याने पुढच्या ग्रामसभेच्या आदल्या रात्री पाड्यावर मोठ्याने वाचावा. वाचून झाल्यावर तीन गोष्टी ठरवाव्या. कुणाच्या दाव्याला जबाब कमी आहे? तो जबाब देऊ शकेल असा आजा किंवा आजी कोण? आणि त्यांना हाताला धरून सभेला कोण आणणार? तीन नावं लिहा, खाली सगळ्यांचे अंगठे घ्या, आणि कागद पेटीत ठेवा.

जमीन आपली, जंगल आपलं. जिंदाबाद!